बाबांचा वस्तरा

दादा,

फोनवर तू मोठ्या दवाखान्याचंच लावून धरतोस, म्हणून कागदावर भांडते.

आजार बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी बाबांनाच सांगितलं. मग घरी येणारे डॉक्टर, नर्सबाई, व्यायामवाली सगळे खाटेभोवती बसले. डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, तुम्हाला काय हवंय?"

"जन्मभर लोकांच्या दाढ्या केल्या. माझी मीच करणार."

डॉक्टरांनी दुखणं थांबेल पण हात जड होणार नाही असं औषध दिलं. व्यायामवालीने कोपराखाली उशी लावली, नर्सबाईंनी आरसा धरला. आज बाबांनी गुळगुळीत दाढी केली. वर डॉक्टरांना म्हणाले, "कानाजवळ राहिलीय तुमची. बसा खाली." डॉक्टर गाल पुढे करून बसले.

असा बाप मी घरातून हलवू देणार नाही.

हे पत्र टाकत नाही. फोनवर एवढंच सांगेन, दाढी न करता ये.

तुझी भांडकुदळ बहीण