छपरीत ठेवलेला डबा

प्रिय शालू,

तू गेल्यावर आज पहिल्यांदा तुले लिहून राहिलो. आपली रेवा काल माझ्यावर रुसून नागपूरले निघून गेली. पोहोचल्याचा फोनही नाही केला. अन् चूक तिची नाही, माझी आहे.

धान चुरायचं, मळणीचं काम म्हणून ती घरी आली होती. तिकडं ती स्टेम सेलचं शिकते. ज्या मूळ पेशींपासून शरीरात नवीन पेशी तयार होतात, त्या म्हणे. बाईच्या पाळीच्या रक्तातही त्या सापडतात! तू ऐकलं असतं तर तोंडावर पदरच घेतला असता.

घरी असतानाच तिची पाळी आली. तिनं ते रक्त बाटलीत भरलं, बाटली डब्यात ठेवली, डबा फ्रिजमध्ये. मले सरळ सांगितलं, "बाबा, हे प्रयोगशाळेत न्यायचं आहे. गार राहिलं पाहिजे. हात नका लावू."

फ्रिजमध्ये खळ्याच्या पूजेचं दूध होतं. माझं डोकंच फिरलं! ती मावशीकडं गेली अन् मी डबा काढून मागच्या छपरीत ठेवला.

बसच्या वेळी तिनं फ्रिज उघडला, मग छपरीत गेली. डबा उन्हानं तापला होता. ओरडली नाही गं. एवढंच म्हणाली, "पाळीत आईलेबी तुमी इथंच बसवत होते न?"

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

जाताना तिनं सांगितलं, शालू, तुझं लिव्हर खराब झालं होतं न, तसल्या लिव्हरले या पेशींचा उपयोग होते का, ते तिकडं तपासून राहिले. अजून उंदरांवरच चालू आहे, औषध लांब आहे. "पण कोणी रक्त दिलंच नाही तर समजन कसं, बाबा?"

धान रोवण्याच्या वेळी तू पाळीतही दिवसभर बांधीत वाकून राहायची, गुडघाभर चिखलात. तेव्हा मले विटाळ नाही दिसला! बाया मिळत नव्हत्या न कामाले. अन् तेच धान खळ्यात आलं का तुले दूर धुऱ्यावर, शेताच्या कडेले बसवायचो. रास बाटते म्हणे. "अवो, मग रोवलं कोणी?" तू हसून विचारायची, अन् मी तुलेच दटावायचो. काहून ऐकून घेतलं गं माझं? एकदा तरी कडकडून भांडायचं होतं!

लाज वाटते, शालू. तुझ्या फोटोकडं पाहवत नाही.

रेवाले आज मीच फोन करतो. पुढच्या वेळी दूध बाहेर राहील, डबा आत. तो मांडीवर घेऊन नागपूरपर्यंत मी बसमध्ये बसीन. कोणी विचारलं काय आहे, तर मान खाली न घालता सांगीन.

उद्या रास लागते. पहिलं सूप तुझ्या नावानं भरीन. धुऱ्यावर नको थांबू आता. खळ्यात ये.

तुझा,
दामोदर
आसगाव