पणजीच्या मृत्यूची नोंद

सोमवार, ३ तारीख
इथल्या दफ्तरखान्यात नक्कल काढू देत नाहीत, फोटो तर नाहीच. म्हणून ही वही. एरवी रोजनिशी मला रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. लेकीचं अंग निळं पडतं आणि डॉक्टरांना निदान होत नाही. माझ्या पणजीचंही पडायचं. ती कशाने गेली ते शुक्रवार दुपारपर्यंत कळवा, तरच उपचार ठरवता येतील, असं ते म्हणाले.

पणजीचं गाव नीटनेटकं, खोली हवेशीर; आल्या आल्या बरं वाटलं. दफ्तरखाना सांभाळणाऱ्या बाई माझ्याहूनही करड्या. हातात मोजे. त्यांची पद्धत अशी की जो कागद वाचायचा, तसाच आपला एक जमा करायचा. लोक कागद पळवतात, म्हणाल्या. शिस्त मला आवडते. माझा जन्मदाखला दिला, पणजीचा वाचला. तिच्या वडिलांचं नाव, घर नंबर, सगळं जुळलं.

मंगळवार, ४
माझी विवाहनोंद दिली, पणजीची मिळाली. नवरी सतरा वर्षांची, नवरा एकोणचाळीसचा. बाई म्हणाल्या, घोडनवरा खरा, पण घोड्याइतकीही अक्कल नव्हती. हसू आलं. हे त्यांना कसं ठाऊक, ते विचारायचं राहिलं.

संध्याकाळी भावाला फोन केला. ताई बोलतेय म्हटलं, तर म्हणाला, आम्हाला बहीणच नाही. पहिल्यापासून थट्टेखोर. चांगला दम भरला. त्याने फोन ठेवून दिला.

बुधवार, ५
आजीची जन्मनोंद पाहायची तर लेकीची द्यावी लागली. दिली. आजीच्या नोंदीत समासात शेरा होता: आई दफ्तरखान्यात कामाला. त्यापुढे पणजीचं काहीच नाही. मृत्यूही नाही.

दुपारी लेकीला फोन केला. आवाज दमलेला. काकू, राँग नंबर लागलाय, म्हणाली. मी तिचं लाडाचं नाव घेतलं. ती म्हणाली, असं हाक मारणारं मला कुणीच नाही; आई तर आठवतही नाही.

जेवण गेलं नाही.

गुरुवार, ६
कागद परत मागितले. बाईंनी मोजे काढले. बोटं निळी – मनगटापर्यंत.

परत मिळत नाहीत, म्हणाल्या. पुढचा कुणी आला की आधीचा सुटतो. त्याही आपल्या आईचा शोध घेत आल्या होत्या. सगळं जमा केलं – शेवटी मरणसुद्धा. म्हणून बसून आहेत. माझ्याकडे निरखून पाहिलं. पोरी, म्हणाल्या, नाक आपल्याच घरचं गं. आणि हेकटपणाही.

पळाले. स्टेशनवर ओळखपत्र मागितलं. काढलं तर नुसता कोरा पुठ्ठा. तिकीट नाही.

शुक्रवार, ७
आज दुपारपर्यंतच.

लेकीने मला ओळखलं नाही तरी चालेल. पण ती –

परत दफ्तरखान्यात. कोरा फॉर्म. माझ्या मृत्यूचा. सही केली. पणजीने टेबलावर डोकं टेकलं, झोपावं तसं. तिच्या मृत्यूनोंदीवर कारण उमटलं, स्वच्छ अक्षरात. दवाखान्यात फोन करून वाचून दाखवलं, दोनदा. कोण बोलतंय विचारलं. दफ्तरखान्यातून, म्हटलं.

खुर्ची अजून ऊबदार आहे. उठता येत नाही.

काय दिलं ते लिहून ठेवते.
जन्मदाखला, एक.
विवाहनोंद, एक.
लेकीची जन्मनोंद, एक.
मृत्यू, एक.
देणार – मी.
घेणार – मीच.
नाव –