बाबांनी लावलेलं बक्कल

४ मार्च

चि. धाकट्या,
अ. उ. आ.

शेजारणीकडून किल्ली घेऊन आज तुझ्या घरी गेले. तू दुकानात होतास. गॅलरीत कुत्र्याचं पाण्याचं भांडं कोरडं होतं, ते एक वेळ सोडून देईन. ढब्बूच्या मानेला वास येत होता. केस बाजूला केले तर पट्टा दिसेना. मांस दिसलं. पट्टा आत रुतला होता.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तो कापून काढला. मालक कोण, म्हणून विचारलं. कुत्रं पाळलं की त्याचं खाणं, पाणी, औषधपाणी कायद्यानं मालकाच्या अंगावर येतं, हा गुन्हा आहे, असं म्हणाल्या. मी तुझं नाव सांगितलं आणि तक्रारीवर सही केली.

लहानपणी नवा बूट पायाला चावला तर तू घर डोक्यावर घ्यायचास. ह्याला तेवढीही सोय नव्हती.

तो माझ्याकडे आहे. तब्येतीला जप, हे रागानंच लिहिते आहे.

ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोलीस दुकानात आले. गिऱ्हाइकं चष्मे लावून बघत होती, त्यांना फुकटचा तमाशा मिळाला. सख्ख्या बहिणीनं हे करावं?

मी त्याच्यावर कधी हात उगारला नाही. माझ्या ताटातलं त्याला घातलं. पट्टा बाबांनी बांधला होता, इस्पितळात जायच्या सकाळी; तिथून ते परत आले नाहीत. तेव्हा ढब्बू एवढासा होता. त्यांनी लावलेलं बक्कल मला सोडवेना. तो विव्हळायचा तेव्हा वाटायचं, बाबांना शोधतोय. तुला काय कळणार? तू तेव्हा इथं नव्हतीस.

तक्रार मागे घे. रविवारी त्याला न्यायला येतो. पट्टाही दे.

अजून भाऊ म्हणत असशील तर,
तुझा धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्या,
अ. उ. आ.

नव्हते मी तिथं. टोमणा बसला. म्हणून तक्रार मागे घेणार नाही.

लोकांना चष्मे देतोस आणि घरातली जखम तुला दिसली नाही. दिसली असेल तर आणखी वाईट. बाबांना शोधत होता म्हणे. तो तुला हाक मारत होता.

रविवारी ये, जेवायला ये. ढब्बू मिळणार नाही. जवळ आला तर पाठीवर हात फिरव, मानेला लावू नकोस.

पट्टा पोलिसांकडे जमा आहे. खटला संपला की मागून घे आणि नीट बघ. पिल्लू वाढणार म्हणून बाबांनी मुद्दाम लांब पट्टा आणला होता. पुढची सगळी भोकं कोरी आहेत.

राग आहे तोवर लोभही आहे, असं समज.

ताई