बाबांची शेड आणि नवं बंदर

प्रिय बडबडे,

तुझा फोन आला तेव्हा नीट बोलता आलं नाही. तुझे बाबा शेजारीच कान टवकारून बसले होते. म्हणून हे पत्र.

अलीकडे दुपारी जरा डोळा लागला की वाटतं, आपलं घर हळूहळू किनाऱ्यापासून मागे सरकतंय. उठून बघते तर घर जागेवरच असतं, समुद्रच लांब गेलेला असतो. तुझ्या त्या परदेशी कंपनीची जहाजं दिवसभर तळातली वाळू उपसून किनाऱ्यावर ओततात. खोटं कशाला बोलू, मला ते बघायला आवडतं. वाळूचं पाणी उन्हात चमकत राहतं आणि इकडे माझी भाजी करपते. त्यांच्यामुळे रस्ता झाला, दवाखान्यात दिवे आले. तो उंच इंजिनिअर तर घरी आला की माझ्या सगळ्या बोलण्याला, एक अक्षर न कळता, मान डोलावतो. माझं इतकं ऐकून घेणारा माणूस या घरात पहिलाच!

पण त्यांच्या नव्या बंदराच्या नकाशात बाबांची होड्या बांधायची शेड आडवी येते. ती गेली तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नसतो. सध्याची होडी पुरी होत आलीय. काल त्यांनी नेहमीसारखी ती आतून पाण्याने भरली, कुठून गळते ते बघायला. लहानपणी तू त्या पाण्यात डुंबायचीस, आठवतं? जमिनीवर उभी होडी आणि आत तुझा एकटीचा समुद्र. बाबा बाहेरून गळती शोधायचे आणि तू पाय आपटून त्यांना भिजवायचीस. कधी रागावले नाहीत. काल बराच वेळ ते त्या पाण्यात हात बुडवून उभे होते.

गुरुवारी साहेब लोक शेडबद्दल शेवटचं विचारायला येणार, आणि त्यांचं बोलणं आम्हाला मराठीत समजावून सांगायला कंपनीची दुभाषी म्हणून तू. बाबांनी आत्तापासून शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. बाबांच्या मनात शेड द्यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्यांनी आजवर तुला कशालाच नाही म्हटलेलं नाही. प्रश्न साहेबांचा असला तरी येईल तुझ्याच तोंडून, आणि ते हो म्हणून मोकळे होतील. मग जन्मभर आपल्याला हसून दाखवत राहतील. ते मला बघवणार नाही गं. तुला बघायला जीव तुटतोय, तरी आई असून लिहिते, गुरुवारी तू येऊ नकोस. दुसऱ्या कुणाला तरी पाठव.

तुझ्यावर मुळीच न रुसलेली, तुझीच
आई