माशाच्या गर्भातला हिरवा उजेड

५ जानेवारी
मोंतेविदेओ ओस पडलंय. सगळे उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रावर. प्रयोगशाळेत मी, फ्रिजची घरघर आणि माशांची दीडशे अंडी. मातेचा कडू चहा मीच भरते, मीच पिते. दारावरचे म्हातारे अपारिसियो म्हणाले, "निबिया, तुला घरदार नाही का गं?" आहे की — ताकुआरेम्बोला. पण आई गेल्यापासून तिथे वाट बघणारं कोणी नाही.

७ जानेवारी
हे मासे पावसाच्या डबक्यातले. डबकं आटलं की आईबाप मरतात; अंडी चिखलात महिनोन् महिने झोपून राहतात. त्या झोपेत गर्भाच्या पाठीत पॅक्स-सेव्हन असतं का, एवढंच मला बघायचंय. कुठल्या पेशीने पुढे काय व्हायचं, हे ठरवणाऱ्या प्रथिनांपैकी ते एक. सापडलं तर प्रबंध उभा राहील. नाही सापडलं तर तीन वर्षं पाण्यात.

शोधायला अँटीबॉडी आहे; ती जिथे चिकटते तिथे वरून लावलेली दुसरी, चमकणारी अँटीबॉडी हिरवा उजेड पाडते. पहिली मोनोक्लोनल — एकाच पेशीच्या वंशातली, म्हणून एकच गोष्ट ओळखते, बाकी जगाशी देणंघेणं नाही. आमचं जमेल!

९ जानेवारी
दिसलं! पाठीत दोन रांगा, हिरवीगार केंद्रकं. छायाचित्र माझ्या मार्गदर्शक डॉक्टर झुल्मांना पाठवलं. लगेच फोन — "शाबास पोरी! मार्चच्या परिषदेत पहिलं भाषण तुझंच." खोलीत एकटीच हसत होते.

विल्मारला कळवावंसं वाटलं. शेजारच्या टेबलावर चार वर्षं होता. एप्रिलमध्ये जर्मनीला गेला. नाही कळवलं.

१६ जानेवारी
पहिली अँटीबॉडी न लावता, नुसती चमकणारी लावून दहा गर्भ करून बघितले. काळेकुट्ट. म्हणजे उजेड खरा.

२१ जानेवारी
परदेशातून पॅक्स-सेव्हनच्या अँटीबॉडीची नवी बाटली आली. मागवून चार महिने झाले होते! म्हणूनच आमच्याकडे वापरलेली अँटीबॉडी कोणी फेकत नाही. परत नळीत ओतायची आणि झाकणावर सुईने एक रेघ ओढायची. माझ्या नळीवर चार रेघा. नवी आलीच आहे, तर तिनेही एकदा करून बघते.

२३ जानेवारी
पाठ काळी.

सोबत कोंबडीचा गर्भ ठेवला होता; त्यात पॅक्स-सेव्हन असतं हे ठाऊकच आहे. तो चमकायला हवा तिथेच चमकला. म्हणजे बाटलीत खोट नाही.

२४ जानेवारी
मग जुनी नळी कोंबडीवर लावली. चमकल्या त्या चेतापेशी. पॅक्स-सेव्हन नाहीच हे. ही विल्मारची अँटीबॉडी, चेतापेशी ओळखणारी!

दोष माझाच. तो गेला त्या दिवशी रागाच्या भरात मी अख्खा फ्रिज अल्कोहोलने पुसून काढला होता. तेव्हा त्याच्या नळीवर तीन रेघा, माझ्या नळीवरही तीन. सुईच्या रेघा राहिल्या, शाईची नावं गेली. नावं पुन्हा मीच लिहिली — अंदाजाने. निरोप न घेता गेला म्हणून एवढा राग! आता भोग म्हणावं.

२७ जानेवारी
डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. पलीकडे समुद्राचा आवाज.

"आणखी कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही."

"बरोबर. तुला आहे तरी कोण बोलायला?"

लागलं ते. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "नवी बाटली वाटेत उन्हात पडली असेल. खराब झाली, असं लिही नोंदवहीत. मी परिषदेला तुझं नाव कळवून बसलेय."

"पण कोंबडीचा गर्भ चमकला ना."

"कोंबडीचं कोण विचारतंय तुला? रविवारी घरी ये. आम्ही शनिवारी परततोय. सगळे जमणार आहेत, तू कधी येतच नाहीस."

मला कधी कोणी बोलावलंच नव्हतं.

२९ जानेवारी
नोंदवही उघडली. मिटली.

१ फेब्रुवारी, रविवार
डॉक्टरांच्या अंगणात चौदा माणसं. मला मधोमध बसवलं. त्यांच्या नवऱ्याने निखाऱ्यावरून उतरवलेला मांसाचा पहिला तुकडा माझ्या ताटात वाढला, आणि सगळ्यांनी माझ्या नावाने पेले उचलले. फार बरं वाटलं.

त्यांच्याकडे जाण्याआधी प्रयोगशाळेत डोकावले होते. नवी बाटली खराब निघाली, असं माझ्याच अक्षरात लिहिलं. कोंबडीच्या गर्भाची छायाचित्रं पुसून टाकली.