मुंग्यांची माफी

३ जानेवारी
यांना साक्षात्कार झाला म्हणे! नरखेडच्या आमच्या बागेत, मोसंबीच्या झाडाखाली. मोटरपंप बंद पडला होता. वायरमन येईपर्यंत हे बसले – आणि "सगळं एकच आहे" असं आतून समजलं. मी विचारलं, जेवण झालं होतं का? म्हणाले, हाव. मग झोप लागली असेल, मी म्हटलं. त्यावर हे नुसते हसले. एरवी भांडले असते. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

५ जानेवारी
कॉलनीच्या सर्वधर्म सभेत बोलणाऱ्यांत यांचं, म्हणजे बाबारावांचं, नाव लागलं. ही सभा दर महिन्याला हॉलमध्ये असते. विषय – माझ्या जागृतीचा क्षण. श्रीधरराव चालवतात. सात मिनिटं, मग घंटी. आणि एक नियम – नुसतं सांगून चालत नाही. जागे झाल्यावर ज्याचं वाईट केलं असं वाटलं, त्याची माफी तिथंच मागायची, माइकवर. श्रीधरराव म्हणतात, कच्चं सोडायचं नाही.

पोहे खाताना हे म्हणाले, "शामला, तू समोरच बसजो वं. तुले ऐकण्यासारखं हाये."

मी झारा खाली ठेवला.

६ जानेवारी
लग्न होऊन चौतीस वर्षं झाली. डी.एड. होती मी. लग्नाच्याच वर्षी काटोलकडच्या एका शाळेचे हेडमास्तर स्वतः घरी आले, मॅडमना पाठवा म्हणून. सासूबाई म्हणाल्या, सुनेनं घर पाहावं. हे खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मान वर केली नाही. हेडमास्तर चहा पिऊन गेले.

माणूस वाईट नाही. दारू नाही, हात उचलला नाही. बुटीबोरीच्या मिलमध्ये राबले, पोरांना शिकवलं. पण तो पेपर! मला एकच शब्द पाहिजे – चुकलं. तो यांच्या तोंडून कधी निघाला नाही. आता साक्षात्काराच्या निमित्तानं निघतो की काय!

११ जानेवारी
जांभळी साडी नेसणार. सीताबर्डीहून मॅचिंग ब्लाउज आणला. आपली कोणी माफी मागत असताना आपण नीट दिसलं पाहिजे.

१२ जानेवारी
पहिल्या रांगेत बसली. आधी शेख सर बोलले. हजला गेले असताना त्यांची चप्पल हरवली आणि राग आलाच नाही – आयुष्यात पहिल्यांदा! मग म्हणाले, आजवरचा सगळा राग हिच्यावर काढला, मला माफ कर. त्यांच्या मिसेस मागे डोळे पुसत होत्या. मी पदर नीट केला.

मग आमच्या शेजारच्या सिंधूताई. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या. म्हणाल्या, "आमच्या घरी जागृती वडिलांनी आणली, छप्पन साली, दीक्षाभूमीवरून. मी मागून जन्मली. मले फक्त शाळेत जायचं काम होतं, मी गेली." एका पेशंटवर ओरडल्या होत्या, त्याची माफी मागितली. तीन मिनिटांत संपलं. घंटीची गरजच नाही पडली.

मग हे. मोसंबीचं झाड, सगळं एकच, वगैरे. शेवटी हात जोडले. मी सरसावून बसली. यांनी झाडांची माफी मागितली. पाखरांची मागितली. विहिरीतल्या कासवाची मागितली, त्याला लहानपणी दगड मारला होता. मग पायाखाली आलेल्या मुंग्यांची. मुंग्यांपाशी यांचा गळाच भरून आला. घंटी वाजली. टाळ्या!

सिंधूताई म्हणाल्या, "सगळ्या जिवांमध्ये तुम्ही आल्याच ना, शामलाताई."

मी म्हटलं, कासवाचं नाव वेगळं घेतलं.

१३ जानेवारी
हे म्हणाले, "कसं वाटलं वं?" म्हटलं, मुंग्यांना विचारा.

१४ जानेवारी
तिळगूळ दिला. गोड बोलली नाही.

२५ जानेवारी
सिंधूताई येऊन बसल्या. त्यांना पेपरचं सगळं सांगितलं. कोणाला कधी सांगितलं नव्हतं. रडली पण. त्या म्हणाल्या, "मागायची वाट काहून पाहून राहिल्या? तो माणूस शंभर वर्षं नाही मागत. तुमची तुम्ही देऊन टाका. डोकं तं मोकळं होईल."

म्हणे देऊन टाका! जुनी भांडी आहेत का?

पण बाई खोटं बोलत नाही.

२ फेब्रुवारी
श्रीधररावांकडे नाव दिलं. ते म्हणाले, वा! घरात दोन-दोन जागृत!

९ फेब्रुवारी
बोलली! म्हटलं, माझा क्षण मागच्या महिन्यात याच हॉलमध्ये आला – मुंग्यांपाशी. लोक हसले. मग शाळेचं सांगितलं, पेपरचं सांगितलं, तेव्हा कोणी हसलं नाही. शेवटी म्हटलं, नियम माफी मागायचा आहे, पण मी देते. यांनी मागितली नाही, तरी मी माफ केलं. सगळं. आता मला काही नको.

हे तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते. शेख सरांच्या मिसेसनी मला जवळ घेतलं. बाहेर तर्री पोहे होते, दोन प्लेटा खाल्ल्या. खरंच हलकं वाटलं. इतक्या वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. घरी येताना गाडीवर यांच्या खांद्यावर हात ठेवला.

१० फेब्रुवारी
मी मेथी निवडत होती. हे आले, समोर फरशीवरच बसले. "काल तू लई मोठं काम केलं वं. आता सांगाले भेव नाही वाटत."

म्हणाले, त्या चहानंतरच्या जूनमध्ये हेडमास्तर पुन्हा आले होते. मी माहेरी होती. जागा तशीच रिकामी होती. "आईनं तं हो म्हटलं होतं. जाऊ दे म्हणे पोरीले. मीच सांगितलं हेडमास्तरले – तिचीच इच्छा नाही."

मग म्हणाले, चुकलं.

मी कालच माफ करून बसली आहे. माइकवर, सगळ्यांसमोर.