भिंतीवर कुठली बॅच?

शुक्रवार, १८ जुलै २००३

हॉबर्टने आज पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझीच कॉफी पिऊन, माझंच डोकं खाल्लं. आमचा बेसबॉल क्लब मैदानाच्या मागच्या भिंतीवर चित्र काढून घेणार आहे — गावाची आजवरची सगळ्यात चांगली बॅच. निवडायची आम्ही तिघांनी. हॉबर्ट, कारण तो चाळीस वर्षं स्कोअर लिहितोय. डेन्झिल, कारण माझा नवरा प्रत्येक मॅचला पहिल्या रांगेत बसून खोकतो. आणि मी, कारण दर उन्हाळ्याला ही नवखी पोरं माझ्याच घरात राहतात आणि माझाच फ्रिज रिकामा करतात.

एवढंसं गाव, खाण बंद पडलेली, दुसरं काय आहे आमच्याकडे मिरवायला? जूनमध्ये नवी बॅच येते, ऑगस्ट संपला की जाते. कुणी एक पायरी वर, कुणी घरी. त्यातला लाखात एक अगदी वर, मोठ्या लीगपर्यंत पोचतो, टीव्हीत दिसतो. मग त्याने आपल्याकडे बिस्किटं किती खाल्ली होती ते आख्खं गाव सांगत सुटतं.

हॉबर्टचं म्हणणं, अठ्ठ्याऐंशीची बॅच. "पाच जण वर गेले, ऑपल. पाच! आणखी काय पाहिजे?"

"गेले आणि परत आले," डेन्झिल म्हणाला. "कॉफी प्यायला गेले होते ते. सदुसष्टचे तीनच गेले, पण त्यातला एक तेरा वर्षं टिकला. तेव्हा वर वीस संघ होते. आज तीस आहेत, आता काय, कुणीही घुसतं. आणि चेंडू टाकणारा पिचर तेव्हा मातीच्या केवढ्या उंच ढिगाऱ्यावर उभा राहून फेकायचा! तेव्हाचा एक हिट म्हणजे आजचे दोन."

"मग काय, पट्टी घेऊन माती मोजत बसू?"

मी चौऱ्याण्णव म्हटलं आणि दोघंही हसले. त्या बॅचमधला एकही वर गेला नाही, हे खरं. पण त्या उन्हाळ्यात वरच्यांनी संप केला होता. आख्ख्या देशात मोठे सामने बंद आणि आमच्या लाकडी बाकांवर शेजारच्या जिल्ह्यातली माणसं दाटीवाटीने बसलेली. ती पोरं गर्दीसाठी जीव टाकून खेळली. शिवाय जेवणानंतर स्वतःच्या बशा स्वतः धुवायची. हे हॉबर्टच्या स्कोअरमध्ये कुठे लिहिणार?

रविवार, २० जुलै

विल्किनने आज पुन्हा एकही हिट मारला नाही. घरी आला, बूट बाहेर काढले, जिना चढून खोलीत गेला. मी बीन्स आणि मक्याचा पाव झाकून ठेवला होता, त्याला हातही लावला नाही.

या वर्षीचा माझा पाहुणा हा. डॉमिनिकन, समुद्रापारच्या बेटावरचा. विल्किन उरेन्या, कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू मागे बसून पकडणारा, वय एकोणीस, दात सगळे दिसतील असं हसणारा. म्हणजे जूनमध्ये हसायचा.

बुधवार, २३ जुलै

आज हसला एकदाचा. डेन्झिलने त्याला विचारलं, "तुझी बॅच कशी आहे रे? सदुसष्टपुढे टिकेल?"

"डेन्झिलबाबा, आमचे पिचर चांगले आहेत. फार चांगले. मी वाईट आहे."

"सगळी बॅच चांगली असली की त्यात एक जण वाईट असावाच लागतो. नाहीतर देवाची दृष्ट लागते."

डेन्झिलला वाटलं विनोद झाला. पोरगं हसलंही. पण जिना चढताना त्याचा चेहरा मी पाहिला. नवऱ्याच्या बशीत त्या रात्री मुद्दाम कमी ग्रेव्ही वाढली.

सोमवार, २८ जुलै

विल्किनच्या गावचा एक पिचर होता संघात, त्याला आज काढलं. सकाळी मॅनेजरने खोलीत बोलावलं, दार लावलं, तिकीट हातात दिलं. क्लबचा माणूस गाडीत घालून थेट विमानतळावर. बाकीच्या पोरांना नीट निरोपसुद्धा घेता आला नाही.

विल्किन स्वयंपाकघरात बसून सांगत होता. एकेक शब्द शोधून बोलतो, पण कळतं सगळं. "ऑपलआई, इथे राहायचा परवाना क्लबचा. क्लब नाही, तर परवाना नाही. मी निघालो तेव्हा गावाने ढोल वाजवला होता. आई रडली, शाळा बंद ठेवली होती. परत कसा जाऊ? रस्त्याने चालणार कसा?"

मी म्हटलं, तुला कोण काढतंय.

"मावसभाऊ आहे न्यूयॉर्कला. काढलेली पोरं जातात तिकडे. पण एक दिवस आधी कळायला हवं. तिकीट हातात पडलं की संपलं, मग सोडत नाहीत." मग म्हणाला, "तुला आधी कळलं तर सांगशील?"

हो म्हणाले. मला कोण विचारतंय, मला कुठून कळणार. म्हणायला काय जातं.

शनिवार, २ ऑगस्ट

भिंतीचा निकाल लागत नाही. दोघं म्हातारे कोंबड्यांसारखे भांडताहेत. हॉबर्टने स्वतःलाच नवी अडचण काढली, की अठ्ठ्याऐंशीचे सगळे कॉलेजातून आलेले, म्हणजे तयार माल, त्यात आपल्या गावचं काय कौतुक? मग स्वतःच म्हणतो, तरीही तेच. डेन्झिल म्हणतो, सदुसष्टच्या पोरांना मधेच लष्कराचं बोलावणं यायचं, निम्मी बॅच व्हिएतनामला गेली, ते वेगळं मोजा. मी विचारलं, कसं मोजायचं? डेन्झिल खोकला, हॉबर्टने आणखी कॉफी मागितली.

वेगवेगळ्या काळातली पोरं एका तराजूत घालायची म्हणजे डोळे बांधून वजन करणं आहे. पण खोटं कशाला बोलू, मजा येते.

बुधवार, ६ ऑगस्ट

चर्चच्या जेवणाला हॉबर्ट शेजारी बसला. सहज विचारते असं दाखवून विचारलं, ज्यांची बॅट अशी गार पडली असे कॅचर आजवरच्या बॅचेसमध्ये किती झाले? त्याने काटा खाली ठेवला. हॉबर्टला कागद बघावा लागत नाही.

"सात-आठ तरी. तुझ्या चौऱ्याण्णवच्या बॅचमधला डॅरेल धर त्यात."

"त्यातले राहिले किती?"

"एकही नाही, ऑपल."

डॅरेल माझ्याच घरी होता. हीच खोली, हाच पलंग. तोही असाच जेवणावरून उठून जायचा. हॉबर्ट पुढे काहीतरी म्हणत होता — हल्ली वरचे लोक काय काय मोजतात देवाला ठाऊक, संगणक घेऊन बसतात, कॅचरच्या हातमोज्याकडे बघत राहतात — पण माझं लक्षच नव्हतं. बटाट्याचं सॅलड तसंच टाकून उठले.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आला फोन.

पोरांच्या राहण्याची सोय बघते ती क्लबची रोंडा. आवाज एकदम खाली. "ऑपल, सोमवारपासून तुझी खोली रिकामी धरू ना? नवा कॅचर येतोय. आणि हे बघ, विल्किनला एक अक्षर बोलायचं नाही. मॅनेजर स्वतः सांगणार आहे."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. 

इतक्या बॅचेस बघून एक गोष्ट मला पक्की कळलीये. पोरगं वर जाणार असलं की तेच धावत येऊन सांगतं, दारातूनच ओरडतं. काढायचं असलं की आधी खोलीचा फोन येतो. डॅरेलच्या वेळी हेच झालं होतं. अठ्ठ्याऐंशीच्या बॅचमधला एक डावखुरा माझ्याकडे होता, त्याच्या वेळीही हेच.

घर देणाऱ्यांचा नियम एकच असतो. क्लबची गोष्ट क्लबने सांगायची. आपण जेवण द्यायचं, चादर बदलायची आणि तोंड बंद ठेवायचं. आजवर पाळला.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

मॅनेजरकडे जाऊन आले. जाऊ नये हे कळत होतं तरी गेले. पेपरोनी रोल, म्हणजे आत तिखट सॉसेज भरलेले पाव, नेले होते डबाभर. म्हटलं, पोरगं गुणी आहे हो, आणखी पंधरा दिवस बघा ना.

तो रोल खात खात हसला. "ऑपल, सोमवारपर्यंत थांबा की जरा."

हसला! पोराच्या मानेवर सुरी ठेवायची आणि हसायचं. तीस वर्षांचा तरी असेल का हा माणूस? वाटलं रोल परत मागावेत.

रात्री डेन्झिलला सगळं सांगितलं. तो खोकत खोकत म्हणाला, "अगं, तुझं काम खोली द्यायचं. या गावातून किती गेले आणि किती राहिले, कुणाला अडवलंस तू आजवर?"

"कुणालाच नाही. म्हणूनच तर."

"मग?"

 माझ्या हातात काहीच नाही. ना बॅट, ना परवाना, ना मॅनेजरचं डोकं. शब्द दिला होता तेवढाच आहे, आणि तो पाळला तर नियम मोडतो.

शनिवार, ९ ऑगस्ट

सांगितलं.

मॅच संपवून आला तेव्हा डेन्झिल टीव्हीपुढे झोपलेला. विल्किनला मागच्या ओसरीत घेऊन गेले. म्हटलं, सोमवारी नवा कॅचर येतोय, तुझी खोली मागितलीये. एवढंच बोलले. पुढचं त्याला कळलं.

रडला नाही. हातमोजा मांडीवर घेऊन त्याचे बंद ओढत बसला, ओढत बसला. आज पिचरने त्याच्या गळ्यात पडून मॅच साजरी केली होती म्हणे. "आज चांगलं पकडलं मी, ऑपलआई. एकही चेंडू सोडला नाही."

"माहितेय रे."

"मग का?"

काय सांगणार? बॅट गार पडलेले जितके आले, तितके गेले, असं? हॉबर्टचे आकडे पोराच्या डोक्यावर कशाला मारू. जवळ घेतलं. घामाचा आणि मातीचा वास येत होता, माझ्या मुलाच्या अंगाला लहानपणी यायचा तसाच.

उद्या मॅच नाही, सुट्टी आहे. सकाळी जवळच्या बेकली शहरातून न्यूयॉर्कची बस निघते.

रविवार, १० ऑगस्ट

डेन्झिलला एकट्यालाच चर्चला पाठवलं, डोकं दुखतंय म्हणाले. विल्किनला गाडीत घालून बेकलीला नेलं. रस्ताभर डोंगर बघत होता. मी रेडिओ लावला, मग बंद केला.

हॅम घालून पाव बांधून दिले, टोमॅटो दिले, डेन्झिलचा जाड कोट दिला. ऑगस्टमध्ये कोट! पण न्यूयॉर्कची थंडी त्याला काय माहीत. घरी आईला फोन कर म्हटलं. "नको. अजून नको. तिला वाटू दे मी खेळतोय." मावसभावाचा नंबर मागितला तर म्हणाला, त्याचा फोन बदललाय, तिथे जाऊन शोधेन.

बसच्या पायरीवरून परत खाली उतरला आणि मला मिठी मारली. "तू शब्द पाळलास." ड्रायव्हरने हॉर्न दिला.

परत येताना गाडी एका पेट्रोल पंपावर लावली आणि रडून घेतलं. मग तोंड धुतलं. वाईट वाटतंय, पण निदान कुणी त्याला गुरासारखं गाडीत घालून विमानात नाही चढवलं. माझ्याने एवढंच होण्यासारखं होतं.

संध्याकाळी हॉबर्ट आला, भिंतीचा निकाल लावूया म्हणाला. मी म्हटलं, लाव अठ्ठ्याऐंशी, मला काही म्हणायचं नाही. डेन्झिल माझ्याकडे बघत राहिला. "एवढ्यात हार मानलीस?" वरच्या खोलीत दिवा का नाही, असंही त्याने विचारलं. मी म्हटलं, दमलाय, लवकर झोपला.

सोमवार, ११ ऑगस्ट

सकाळी सकाळी रोंडाचा फोन. एक पायरी वरच्या संघाचा कॅचर आणखी वर चाललाय, त्याच्या जागी विल्किन. बॅटीचं वरच्यांना काही पडलेलं नाही म्हणे, तो पकडायला असला की पिचर किती छान फेकतात ते बघून त्यांनी त्याला उचललं. मॅनेजरला सगळ्या बॅचसमोर सांगायचं होतं, म्हणून ती चार दिवस तोंड दाबून बसली होती. "ऑपल, मला राहवत नाहीये गं. उठलाय का तो?"

झोपलाय म्हणाले.